हॉकीचे बाहुले आणि त्यांच्यावरच्या सह्या

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी ‘आपापले छंद’ या सत्रात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं नीटनेटकं करून दिलं आहे.)



आयोजकांनी कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘हॉकी-संग्राहक, कॅनडा’ असं छापलंय. ते वाचून कालपासून चारपाच जणांनी विचारलं, “म्हणजे नक्की काय गोळा करतोस? काठ्या?” प्रश्न रास्त आहे. खडकीत वाढलेल्या माणसाला हॉकी म्हटलं की काठी, पांढरा चेंडू आणि मैदानावरची तांबडी धूळच आठवणार. आपल्यापेक्षा पाचसहा वर्षांनी लहान असलेला धनराज पिल्ले याच खडकीत, ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत, मोडक्या काठ्या बांधूनबांधून खेळायला शिकला आणि चार ऑलिंपिक खेळला. त्यामुळे हॉकीवर बोलायचं आणि ते खडकीत, म्हणजे जरा जपूनच बोललं पाहिजे.

तर सांगून टाकतो. मी बाहुले गोळा करतो. हो, बाहुलेच. चार इंचांपासून सात इंचांपर्यंतचे, प्लॅस्टिकचे, आइस हॉकी खेळणाऱ्या खेळाडूंचे. आज माझ्याकडे असे एकशे बारा बाहुले आहेत. त्यांतल्या एकेचाळिसांवर त्या त्या खेळाडूनं स्वतःच्या हातानं केलेली सही आहे. शिवाय काही सहीच्या चकत्या, जुने फोटो, तिकिटांचे अर्धे तुकडे. आमच्या घरी या सगळ्याला मिळून ‘बाबांची भातुकली’ म्हणतात.

आधी खेळाबद्दल दोन वाक्यं. आइस हॉकीत एका बाजूचे गोलकीपर धरून सहा जण बर्फावर असतात. चेंडू नसतो. कडक रबराची तीन इंच व्यासाची, एक इंच जाडीची चकती असते. तिला ‘पक’ म्हणतात. सामन्याआधी ती बर्फात गार करून ठेवतात, म्हणजे ती उसळत नाही, घसरत जाते. बाकी आपल्या हॉकीशी साम्य इतकंच, की काठीनं जाळ्यात मारायचं. मी तिकडे गेलो तेव्हा मला या खेळातलं एक अक्षर कळत नव्हतं.

१९९१ च्या डिसेंबरात मी मिसिसॉगाला गेलो. मिसिसॉगा हे टोरांटोला चिकटलेलं शहर आहे. आपलं पुणं आणि पिंपरी-चिंचवड तसं समजा. काम मिळालं ते इंजेक्शन मोल्डिंगचे साचे बनवणाऱ्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये. काम येत होतं, इंग्रजी बऱ्यापैकी होतं, तरी सोमवारच्या जेवणाच्या सुट्टीत मी मुका असायचो. कारण सोमवारी तिथे एकाच विषयावर बोलतात, शनिवारी रात्रीचा सामना. कोण खेळला, कुणी माती खाल्ली, कुणाला काढलं पाहिजे. तुमच्या ऑफिसात कुणी असा माणूस आला, की ज्याला सचिन तेंडुलकर म्हणजे कोण हेच ठाऊक नाही, तर तुम्ही त्याच्याशी काय बोलाल? तसं माझं होतं.

१९९३ च्या वसंतात टोरांटोचा संघ, मेपल लीफ्स, उपान्त्य फेरीच्या सातव्या सामन्यापर्यंत पोचला आणि वेन ग्रेट्स्कीच्या लॉस एंजेलिस संघाकडून हरला. ग्रेट्स्कीनं त्या सामन्यात तीन गोल मारले. दुसऱ्या दिवशी शहरात सुतक होतं. त्याच वर्षी खेळण्यांच्या दुकानांत ‘स्टार्टिंग लाइनअप’ नावाचे हॉकीचे बाहुले पहिल्यांदा आले. मी माझ्या तीन वर्षांच्या मुलीसाठी एक घेतला. ती खेळेना. मीच तो उलटासुलटा करून बघत बसलो. साच्याच्या दोन अर्ध्यांची जोडरेषा कुठून नेली आहे, प्लॅस्टिक आत सोडायचं तोंड कुठे लपवलं आहे, काठी वेगळी ओतून हातात कशी बसवली आहे. आणि बघताबघता पाठीवरचा नंबर आणि नाव पाठ झालं. मग दुसरा आणला. वर्षभरात मला वीसेक खेळाडू नावानं, नंबरानं, चेहऱ्यानं ओळखता यायला लागले आणि सोमवारी मीही तोंड उघडू लागलो. लहान मुलं चित्रांवरून मुळाक्षरं शिकतात, तसा मी बाहुल्यांवरून तो देश शिकलो.

आता या वस्तूंचा थोडा इतिहास सांगतो, कारण त्यात मजा आहे.

माझ्या घरापासून जवळच पोर्ट क्रेडिट म्हणून भाग आहे, तळ्याकाठी. तिथे पूर्वी सेंट लॉरेन्स स्टार्च कंपनीचा कारखाना होता. मक्याचा पाक बनवायचे, ‘बी हाइव्ह’ नावाचा. डब्याला अडकवलेली कागदी पट्टी पोस्टानं पाठवली, की कंपनी तुम्हाला हव्या त्या हॉकीपटूचा फोटो पाठवायची. १९३४ ते १९६७, तेहतीस वर्षं हे चाललं. कॅनडातल्या दोन पिढ्यांच्या घरांत पाक त्यासाठी संपला. आपण बबलगमची वेष्टनं आणि क्रिकेटपटूंचे फोटो जमवायचो, त्याचं हे थोरलं भावंड. फोटोंवर छापील सही असायची. मुलं तो फोटो घेऊन मैदानाच्या मागच्या दारापाशी उभी राहायची आणि छापील सहीशेजारी खरी सही मिळवायची.

बाहुल्यांची गोष्टही जुनी आहे. १९३२ मध्ये टोरांटोच्या डॉन मन्रो या माणसानं लाकडाचा, टेबलावर खेळायचा हॉकीचा खेळ बनवला. मंदीचा काळ होता, विकत काही आणणं परवडत नव्हतं. पुढे त्यात पत्र्याचे रंगवलेले छोटे खेळाडू आले. १९६० च्या दशकात जपानहून कागदाच्या लगद्याचे, मान डोलावणारे हॉकीपटू यायला लागले. आपल्याला यात नवल नाही. तंजावरची मान हलवणारी बाहुली आपल्यातल्या कितीतरी जणांच्या शोकेसमध्ये होती. तिकडे तिला ‘बॉबलहेड’ म्हणतात आणि सामन्याच्या दिवशी प्रेक्षकांना फुकट वाटतात.

स्टार्टिंग लाइनअपचे बाहुले चारेक इंची, चेहरा साधारण एकाच साच्यातला. मग २००० च्या सुमारास टॉड मॅकफार्लन आला. हा कॅलगरीत जन्मलेला, स्पायडरमॅनची चित्रं काढून नाव कमावलेला चित्रकार. त्यानं हॉकीपटूंचे सहा इंची बाहुले काढले आणि सगळं चित्रच पालटलं. दाढीचे खुंट, जर्सीची चुणी, बुटाच्या पात्याखाली उडणारा बर्फाचा भुगा, सगळं साच्यात. साचे करणारा माणूस म्हणून सांगतो, बोटाच्या पेराएवढ्या चेहऱ्यात ओळखू येणारा माणूस बसवणं ही सोपी गोष्ट नाही. शाळेत चित्रकलेच्या सरांनी मला सांगितलं होतं, “तुला माणूस जमत नाही, तू यंत्रं काढ.” म्हणून मला त्या कामाची किंमत जास्त कळते.

आता सह्या. सही कशी मिळते? दोन मार्ग. एक, पैसे मोजून. विमानतळाजवळच्या एका प्रदर्शन केंद्रात वर्षातून दोनदा मोठी जत्रा भरते. हजारो माणसं, शेकडो टेबलं. निवृत्त खेळाडू येऊन बसतात. सहीचं तिकीट असतं. फोटोवर सही हवी तर एक दर, जर्सीवर किंवा काठीवर हवी तर जास्त. रांगेत उभं राहायचं, पुढे सरकायचं, वीस सेकंदांत सही घ्यायची. दुसरा मार्ग म्हणजे योगायोग. लहान गावातल्या बर्फाच्या मैदानावर धर्मादाय सामना असतो, किंवा किराणा दुकानात साक्षात उभा दिसतो. या दुसऱ्या मार्गानं मिळालेल्या सह्या माझ्याकडे फक्त सात आहेत.

बाहुल्यावर सही घ्यायची तर जागा आधी ठरवावी लागते. पाठीवर घेतली तर नंबर झाकतो. म्हणून बहुतेक जण पायथ्यावर, त्या पांढऱ्या बर्फाच्या तुकड्यावर घेतात. प्लॅस्टिकला बोटांचा तेलकटपणा असला तर शाई पसरते, म्हणून आधी स्पिरिटच्या फडक्यानं पुसून न्यायचं आणि मग त्या जागेला हात लावायचा नाही. पांढऱ्यावर निळं मार्कर पेन, गडद रंगावर चंदेरी रंगाचं पेन. बॉलपेन नाही, ते घसरतं. सही झाल्यावर पाच मिनिटं फुंकर घालत उभं राहायचं. बायको म्हणते, “नवजात बाळासारखा धरतोस.”

घरी आणल्यावर दोन वैरी. पहिला ऊन. खिडकीसमोर ठेवलेली सही काही वर्षांत फिकी पडते, आणि मग कितीही हळहळा, परत येत नाही. दुसरा वैरी म्हणजे ते प्लॅस्टिक स्वतःच. त्यात लवचीकपणासाठी घातलेलं द्रव्य वर्षानुवर्षांनी बाहेर येतं, बाहुला चिकट होतो. काठ्या वाकतात. वाकलेली काठी गरम पाण्यात धरायची, मऊ झाली की सरळ करायची आणि लगेच गार पाण्यात बुडवायची. आमच्या घरी हे काम रविवारी सकाळी चहाच्या शेजारच्या शेगडीवर चालतं.

आणि तिसरा वैरी म्हणजे माणूस. खोट्या सह्या. जिथे पैसा आला तिथे हे आलंच. अमेरिकेत एफबीआयनं १९९० च्या दशकात ‘ऑपरेशन बुलपेन’ नावाची मोहीम काढली, तेव्हा खेळाडूंच्या खोट्या सह्यांचे कारखानेच सापडले. म्हणून आता काही कंपन्या आपला माणूस समोर बसवून सही करून घेतात आणि वस्तूवर नंबर असलेली चमकती चिकटपट्टी लावतात. त्याशिवाय आपले डोळे. खरी सही वेगात केलेली असते, तिची रेघ शेवटाला निमुळती होते. खोटी सही काढलेली असते, लिहिलेली नसते. ती हळू असते, मध्ये थबकते. बाई, तुम्ही आमच्या गुणपत्रिकेवरच्या पालकांच्या खोट्या सह्या बरोबर ओळखायचात, ते याच न्यायानं. (इथे सभागृहात पुष्कळ हशा झाला. कारण काही जणांनाच ठाऊक आहे.)

सह्यांच्या बाबतीत एका माणसाचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. मॉन्ट्रियलचा जाँ बेलिव्हो. खेळाडू म्हणून दहा वेळा स्टॅन्ली कप जिंकलेला. निवृत्तीनंतर त्याला कॅनडाचं गव्हर्नर जनरलपद देऊ केलं होतं, कुटुंबाकडे लक्ष द्यायला हवं म्हणून त्यानं ते नाकारलं. हा माणूस आयुष्यभर चाहत्यांना सह्या देत आला, आणि प्रत्येक सही पूर्ण, सुवाच्य, एकेक अक्षर लागेल अशी. आजचे बरेच खेळाडू एक वाकडी रेघ ओढतात, ती सही की भूकंपाचा आलेख, कळत नाही. बेलिव्हो २०१४ मध्ये गेला. त्याची सही बाजारात फार महाग नाही, कारण त्यानं भरपूर दिल्या. मला यात त्याचा मोठेपणा दिसतो. मागणाऱ्याला नाव वाचता आलं पाहिजे, एवढा समोरच्याचा मान त्यानं राखला.

किमतीचा विषय निघालाच आहे, तर तुम्हाला हिशेब हवा असणार. माझ्या संग्रहाची बाजारातली किंमत एक बरी मोटारगाडी येईल एवढीही नाही. पण या जगात मोठे आकडे आहेत. ग्रेट्स्कीचं १९७९ मधलं पहिलं कार्ड, निळ्या काठाचं, निर्दोष अवस्थेतलं, २०२१ मध्ये साडेसदतीस लाख अमेरिकी डॉलरना गेलं. आपण दहावी झालो त्या वर्षी ते च्युइंगमच्या पाकिटातून निघत होतं. १९७२ मध्ये मॉस्कोला कॅनडा आणि सोव्हिएत संघ यांच्यातल्या आठव्या सामन्यात शेवटची ३४ सेकंदं उरली असताना पॉल हेंडरसननं विजयी गोल मारला. त्या वेळी त्याच्या अंगात असलेली जर्सी २०१० मध्ये दहा लाख डॉलरच्या वर गेली.

पण मला यापेक्षा एक डॉलरची गोष्ट जास्त आवडते. २००२ च्या हिवाळी ऑलिंपिकला, सॉल्ट लेक सिटीत, बर्फाचं मैदान तयार करायला कॅनडातला एक कारागीर गेला होता. त्यानं मैदानाच्या मधोमध, बर्फाखाली, कॅनडाचं एक डॉलरचं नाणं गुपचूप पुरून ठेवलं. कॅनडाच्या महिलांनी सुवर्णपदक जिंकलं. पुरुषांनीही जिंकलं, आणि तेही पन्नास वर्षांनी. मग ते नाणं उकरून काढलं. आज ते टोरांटोच्या हॉकी हॉल ऑफ फेममध्ये आहे. यंग आणि फ्रंट रस्त्यांच्या कोपऱ्यावर १८८५ ची बँकेची एक देखणी इमारत आहे, तिथे. नाणं एक डॉलरचंच. माझ्या खिशातलं नाणं आणि ते नाणं शेजारी ठेवलं तर कुणाला फरक सांगता येणार नाही. फरक आहे तो फक्त हकिकतीचा.

मित्रहो, तीस वर्षं हा उद्योग करून मी जे शिकलो ते एवढंच. वस्तूची हकीकत तिच्यासोबत राहिली तर ती ठेवा असते. नाहीतर ते प्लॅस्टिक. हे मला एका माणसामुळे कळलं, म्हणून त्याच्याबद्दल सांगतो.

आमच्या टूलरूमचा फोरमन स्कॉटिश वंशाचा म्हातारा होता. मी रुजू झालो तेव्हा त्याची पन्नाशी उलटलेली. मला आइस हॉकीचे नियम त्यानं जेवणाच्या डब्याच्या झाकणावर नट आणि बोल्ट मांडून शिकवले. लहानपणी त्यानं पाकाच्या पट्ट्या पाठवून दीडशेवर फोटो जमवले होते आणि त्यांतल्या कितीतरी फोटोंवर मेपल लीफ गार्डन्सच्या मागच्या दारी उभं राहून सह्या घेतल्या होत्या. पुढे चकत्या, काठ्या, बाहुले. त्याच्या तळघरात गेलं, की तो एकेक वस्तू हातात घ्यायचा आणि तिची गोष्ट सांगायचा. ही अमुक सालची, त्या दिवशी एवढा बर्फ पडला होता, वडिलांनी ट्रामचे पैसे दिले नाहीत म्हणून चालत गेलो, या खेळाडूच्या हाताला पट्टी होती म्हणून सही अशी तिरकी आली. सगळं तोंडी. कागदावर एक ओळ नाही. गरजच काय, तो होता ना.

तो गेला. बायको वृद्धाश्रमात गेली, मुलगा दूर पश्चिमेला व्हँकुव्हरला, घर विकायला काढलं. घरापुढे गॅरेज सेल लागला. तिकडे जुनं सामान असं दारात मांडून विकतात. मी गेलो तेव्हा दोन खोकी रस्त्यालगतच्या टेबलाखाली होती, वर चिठ्ठी, ‘कोणतीही वस्तू एक डॉलर’. आत त्या सह्या. मुलगा भला माणूस होता, बापावर त्याचा जीव होता. त्याला वस्तू नको होत्या असं नाही. त्याला त्या कळत नव्हत्या. “ही कुणाची सही?” म्हणून त्यानंच मला विचारलं. मी दोन्ही खोकी घेतली. त्यांतल्या निम्म्या सह्यांचे मालक मी ओळखले. उरलेल्या आजही माझ्याकडे आहेत, ओळख न पटलेल्या. सही आहे, शाई आहे, माणूस नाही.

त्या रात्री मी एक जाड वही घेतली आणि माझ्या प्रत्येक बाहुल्याची नोंद लिहायला लागलो. कुणाचा, कधी, कुठे मिळाला, किती पैसे पडले, सोबत कोण होतं, खेळाडू काय बोलला. इंग्रजीत लिहितो, कारण पुढे वाचणार ते इंग्रजीतच वाचणार. पण शेवटच्या रकान्यात मराठीत एक ओळ असतेच. एका नोंदीत लिहिलंय, “रांगेत मुलीनं सँडविच सांडलं.” तो बाहुला एका निवृत्त गोलकीपरचा. त्यानं सही करण्याआधी मुलीला तिच्या नावाचं स्पेलिंग विचारलं आणि ‘अमुकला शुभेच्छा’ असं लिहून मग सही केली. व्यापारी सांगतात, की असं दुसऱ्याचं नाव घातलेली सही बाजारात स्वस्त होते, कारण घेणाऱ्याला ते नाव नको असतं. बरोबर आहे त्यांचं. पण आमच्या घरात त्या एकशे बारांमध्ये विकायचा नाही असा एकच आहे, आणि तो हाच.

मुलगी आता चौतिशीची आहे. मागच्या वर्षी तिनं मला सरळ विचारलं, “बाबा, तुमच्यानंतर याचं मी काय करायचं?” आपल्या वयाच्या माणसांना हा प्रश्न कधीतरी कुणीतरी विचारतं. बाहुले नसतील, तर भांडी असतील, पुस्तकं असतील, आईची पैठणी असेल. मी तिला म्हटलं, “तुला हवा तो ठेव, बाकीचे दे. फक्त वहीतलं पान फाडून त्या त्या बाहुल्यासोबत दे.” ती म्हणाली, “एवढंच?” एवढंच. त्यानंतर आम्ही दोघांनी दोन शनिवार बसून त्या वहीची संगणकावर प्रत केली. तिला पहिल्यांदा त्या बाहुल्यांत रस वाटला तो तेव्हा.

हकीकत सुटली की काय होतं, याचं आपल्याकडचं उदाहरण तर फार मोठं आहे. बलबीरसिंग सीनियर. १९४८, १९५२ आणि १९५६ अशी तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं. हेलसिंकीच्या अंतिम सामन्यात भारताच्या सहा गोलांपैकी पाच एकट्याचे. या माणसानं १९८५ मध्ये होऊ घातलेल्या एका क्रीडा संग्रहालयासाठी आपली छत्तीस पदकं, शंभरावर छायाचित्रं आणि मेलबर्न ऑलिंपिकचा कप्तानाचा ब्लेझर सरकारी यंत्रणेकडे विश्वासानं सुपूर्द केला. संग्रहालय झालं नाही. अनेक वर्षांनी त्यांनी चौकशी केली तेव्हा वस्तू सापडल्या नाहीत. ते २०२० मध्ये गेले, तोवर विचारत राहिले. परदेशात मी बर्फाखालच्या एका नाण्यासाठी काचेची पेटी पाहिली, आणि आपल्या देशात एवढ्या मोठ्या माणसाचा ब्लेझर कुठे आहे हे कुणी सांगू शकत नाही. कॅनडातली माणसं आपल्यापेक्षा चांगली आहेत असं मी म्हणत नाही. फोरमनच्या खोक्यांची गोष्ट तिथलीच आहे. फरक एवढाच, की तिथे कुणीतरी एक चिठ्ठी लिहून नाण्याशेजारी ठेवली.

स्टॅन्ली कपबद्दल एक सांगतो आणि मग शेवटाकडे येतो. हा चषक १८९२ मध्ये तिथल्या गव्हर्नर जनरलनं दिला. त्याचं वैशिष्ट्य असं, की जिंकणाऱ्या संघातल्या खेळाडूंची नावं त्यावर कोरतात. एकेक अक्षर पंच आणि हातोडीनं ठोकून. आम्ही टूलरूमवाले साच्यावर नंबर घालतो, अगदी तसं. पट्ट्या भरल्या, की सर्वांत जुनी पट्टी काढून जपून ठेवतात आणि नवी लावतात. चुकाही झाल्यात. १९७२ च्या पट्टीवर ‘बोस्टन’मधल्या ‘ओ’च्या जागी ‘क्यू’ पडलाय, तो तसाच आहे. पण संघ जिंकला म्हणून फक्त संघाचं नाव घालून ते थांबत नाहीत. कमी वेळ बर्फावर काढलेल्या कितीतरी खेळाडूंचीही नावं चांदीवर असतात.

काल सकाळी आपण शाळा बघायला गेलो. मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेरचं काचेचं कपाट तसंच आहे, काच नवी आहे. आत वरून दुसऱ्या फळीवर १९७७ ची हॉकीची ढाल आहे. पितळेच्या पट्टीवर शाळेचं नाव, साल आणि ‘विजेते’ एवढंच. खेळाडूंची नावं नाहीत. आम्ही पाच जण तिच्यापुढे उभे राहून आठवायला लागलो. आठ नावं निघाली. मग आपले पी.टी.चे सर काठी टेकत आले. सरांचं वय आज शहाऐंशी. त्यांनी ढालीकडे न बघता आणखी दोन नावं सांगितली, कोण कुठल्या जागेवर खेळत होता ते सांगितलं, आणि अंतिम सामन्याला पाच काठ्या कुणाकुणाच्या घरून मागून आणल्या तेही सांगितलं. अकरावा, लेफ्ट आउट, सरांनाही आठवला नाही. “पोरगा चपळ होता, वडील बदलीचे होते,” एवढं म्हणाले.

दहा नावं आज या सभागृहात आहेत. आणखी दहा वर्षांनी किती असतील, ते मी बोलत नाही.

म्हणून एक विनंती. चहाच्या टेबलाशेजारी मी एक कोरी वही ठेवली आहे. त्या कपाटात जी वस्तू आहे, किंवा तुमच्या घरात शाळेचं जे काही उरलं आहे, बक्षिसाचं पुस्तक, गॅदरिंगचा फोटो, बिल्ला, प्रगतिपुस्तक, त्याबद्दल जे ठाऊक असेल ते त्या वहीत लिहा. साल नक्की नसेल तर ‘सुमारे’ लिहा. फोटोत कोण उभं आहे ते डावीकडून उजवीकडे लिहा. मुलींच्या खो-खोच्या चषकावरही नावं नाहीत, ती मैत्रिणींनी लिहावीत. मुख्याध्यापकांशी बोललो आहे. वहीची एक प्रत कपाटात राहील, आणि पैशाची जुळणी झाली तर ढालीखाली नावांची पट्टी बसेल. अक्षरं ठोकायला पंच माझे आहेत, येताना सामानात घालून आणले आहेत. कस्टमवाल्यानं विचारलं होतं, हे काय म्हणून.

सर, पहिली दहा नावं आपण आपल्या हातानं लिहावीत आणि खाली सही करावी. आणि १९७७ साली लेफ्ट आउटला कोण खेळायचा, हे ज्याला कुणाला आठवत असेल, त्यानं आज घरी जाण्याआधी मला गाठावं.